मशीनचा आकडा आणि काचेवरचं रक्त : हिमॅटॉलॉजीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

डीएमएलटी किंवा बीएमएलटी (लॅब टेक्निशियनचे कोर्स) करून आलेली मुलं हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्तपेशी तपासण्याच्या, टेबलावर बसली की पहिल्या आठवड्यात एवढंच शिकतात : जांभळ्या टोपणाची रक्ताची ट्यूब मशीनच्या सुईखाली धरायची, बटण दाबायचं, कागद फाडायचा. दहा दिवसांत त्यांना वाटू लागतं की हे टेबल सोपं आहे, डोकं लागतं ते बायोकेमिस्ट्रीत. मग एका दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन येतो. "अहो, सकाळी प्लेटलेट दीड लाख आणि आत्ता बावीस हजार? पेशंट तर बसून चहा पितोय!" खरं शिकणं तिथून सुरू होतं. तो फोन येण्याआधी हाती असावं, म्हणून हे लिहितेय.

पहिली पायरी : नमुना नाकारायला शिका

चुकीचा रिपोर्ट बहुतेक वेळा मशीनपाशी चुकत नाही, पेशंटच्या दंडापाशीच चुकलेला असतो. म्हणून निदान महिनाभर तरी स्वतः रक्त काढा. टर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका, नाहीतर तिथलं रक्त घट्ट होतं आणि हिमोग्लोबिन उगाच वाढलेलं दिसतं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ नका. दुसऱ्या हाताची शीर सापडत नसेल तर वेळ लागू द्या, पण सलाईनच्या हाताकडे वळू नका.

ट्यूब भरण्याचा क्रम पाठच करा : आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली), मग सायट्रेटची निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हेपॅरिनची हिरवी, मग ईडीटीएची जांभळी आणि शेवटी शुगरची करडी. सायट्रेट, हेपॅरिन, ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्याचा थेंबभर अंश जरी लाल ट्यूबमध्ये गेला तरी पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम खाली येतं आणि डॉक्टर भलत्याच धावपळीला लागतात. जांभळी ट्यूब कमी भरली म्हणून तिच्यातलं थोडं लाल ट्यूबमध्ये किंवा लाल ट्यूबमधलं थोडं तिच्यात ओतणारा इसम मी पाहिलाय. असं कधीच करू नका.

रक्त घेतल्याबरोबर जांभळी ट्यूब ८ ते १० वेळा हळुवार उलटी-सुलटी करा. खळखळ हलवायची नाही, पेशी फुटतात. निळीला ३-४ वेळा पुरतं, पण ती खुणेपर्यंत भरलेलीच हवी, कारण तिथे ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे प्रमाण मोडलं की पीटी-एपीटीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासण्यांचा) आकडा निरर्थक ठरतो. नाव पेशंटसमोरच लिहा. आणि नाव त्याला सांगायला लावा, "तुम्ही सखाराम ना?" असं विचारलं की गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो.

टेबलावर आलेली प्रत्येक संशयास्पद जांभळी ट्यूब लाकडी काडीने तपासा. काडीला तांबडा धागा किंवा गुठळी लागली तर नमुना परत पाठवा. सिस्टर चिडतील, मावशी म्हणतील "परत जिना चढू का?" तरीही परतच पाठवा. गुठळी झालेल्या रक्तात प्लेटलेट गुठळीत अडकलेल्या असतात, मशीन बिचारं उरलेल्या मोजतं.

दुसरी पायरी : एकदा तरी हाताने मोजा

न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) आता कपाटात धूळ खातो. तो बाहेर काढा. टर्कच्या द्रावणात रक्त १:२० पातळ करा. त्यातलं ॲसेटिक ॲसिड लाल पेशी फोडतं, जेंशियन व्हायोलेट पांढऱ्यांच्या केंद्रकाला रंग देतं. चेंबर भरा, दोन-तीन मिनिटं पेशी खाली बसू द्या, कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजा आणि ५० ने गुणा. हे ५० कुठून आले ते कागदावर स्वतः सोडवा : चौकोन १ चौरस मिलिमीटरचा, खोली ०.१ मिलिमीटर, असे चार, आणि २० पट पातळ केलेलं. हे गणित ज्याला उमगलं त्याला मशीनही उमगतं, कारण मशीनही पातळ करून ठरलेल्या घनफळातलं मोजतं.

फरक एवढाच की मशीन डोळ्याने पाहत नाही. वॉलेस कूल्टर यांच्या पद्धतीत (पेटंट १९५३ चं) पेशी एका बारीक छिद्रातून जाते, तेवढ्यापुरता विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो आणि अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी, असा हिशेब होतो. यातच मशीनची मर्यादाही आली. छिद्रातून काहीतरी गेलं एवढंच त्याला कळतं. ती महाकाय प्लेटलेट होती की छोटी लाल पेशी, लिम्फोसाइट (एक पांढरी पेशी) होता की केंद्रक असलेली लाल पेशी, हे कळायला साध्या थ्री-पार्ट (पांढऱ्या पेशी तीनच गटांत वाटणाऱ्या) मशीनकडे मार्ग नसतो. महागडी फाइव्ह-पार्ट यंत्रं प्रकाश आणि रंगही वापरतात, तरी तीही फसतात, फक्त कमी वेळा.

तिसरी पायरी : कागद वरून खाली वाचू नका

नवीन माणूस हिमोग्लोबिन, मग डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), मग प्लेटलेट असं वाचत जातो. तुम्ही आधी एमसीएचसी (लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा) बघा. लाल पेशीत हिमोग्लोबिन मावण्याला मर्यादा आहे, त्यामुळे एमसीएचसी साधारण ३६-३७ च्या वर गेलं की आधी नमुन्यावर संशय घ्यायचा. रक्त थंडीने गोळा होत असेल (कोल्ड ॲग्लुटिनिन), तर लाल पेशींची संख्या हास्यास्पद कमी, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) फुगलेलं आणि एमसीएचसी अशक्य असं त्रिकूट दिसतं. ट्यूब ३७ अंशाच्या वॉटरबाथमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा, काढल्याबरोबर पुन्हा लावा, आकडे जागेवर येतात. प्लाझ्मा दुधाळ असेल तर चरबीमुळे हिमोग्लोबिन खोटं वाढतं. दोन्ही नसेल आणि स्लाईडवर मधला फिकट भाग नसलेल्या गोल, गच्च पेशी दिसल्या, तर स्फिरोसाइट असू शकतात. तेव्हा आकडा खरा असतो.

मग तीनचा नियम : आरबीसी (लाल पेशींची संख्या, दशलक्षांत) गुणिले ३ म्हणजे हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन गुणिले ३ म्हणजे पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के ते), ३ चा फरक चालेल. हा नियम फक्त आकाराने आणि रंगाने साधारण असलेल्या पेशींना लागू पडतो. लोह कमी असलेल्या पेशंटमध्ये तो मोडणारच. तिथे नियम मोडला म्हणून मशीनला दोष देऊ नका. पण एमसीव्ही साधारण असताना मोडला तर थांबा.

आणि कालचा रिपोर्ट काढा. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण मला यानेच सर्वांत जास्त वेळा वाचवलंय. हिमोग्लोबिन रात्रीतून घसरू शकतं, प्लेटलेट घसरू शकतात, पण एमसीव्ही एका दिवसात फारसं हलत नाही. काल ७२ होतं, आज ९१ आहे आणि मधे रक्त चढवलेलं नाही, तर ट्यूब बहुधा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आहे. उलट हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच जवळपास एकाच प्रमाणात निम्मं झालंय आणि एमसीव्ही तसंच आहे, तर सलाईनच्या हातातून रक्त काढलंय का, ते फोन करून विचारा.

चौथी पायरी : स्मिअर

स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. यावर रेंगाळणार आहे, कारण टेक्निशियन इथेच घडतो.

काचेच्या एका टोकापासून सुमारे १ सेंटिमीटरवर २-३ मिलिमीटरचा थेंब ठेवा. पसरवायची काच गुळगुळीत कडेची हवी आणि स्लाईडपेक्षा अरुंद हवी. ती ३० ते ४५ अंशांत धरून थेंबाला मागून भिडवा, थेंब कडेला पसरू द्या आणि मग एका दमात, न दाबता, पुढे ढकला. चांगला स्मिअर सुमारे ३ सेंटिमीटरचा, बोटाच्या नखासारख्या गोलाईने संपणारा आणि दोन्ही कडांना जागा सोडणारा असतो. पहिले पन्नास बिघडतात. माझ्या पहिल्या महिन्यातल्या स्लाईडी बघून आमच्या सरांनी विचारलं होतं, "ही काच आहे की तवा?"

रक्त पातळ असेल, म्हणजे पेशंट खूप ॲनिमिक असेल, तर कोन थोडा वाढवा, नाहीतर फिल्म लांबलचक पसरते. रक्त दाट असेल, नवजात बाळाचं असेल, तर कोन कमी करा. ट्यूब दोन तासांपेक्षा जास्त जुनी नको. ईडीटीएत पडून राहिलेल्या रक्तात लाल पेशींना काटे फुटतात आणि न्यूट्रोफिलमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पोकळ्या दिसतात. नवशिका त्यालाच मोठा आजार समजून बसतो.

आता पावसाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की स्मिअर लवकर सुकत नाही आणि लाल पेशींच्या मध्यभागी चमकणारी भोकं पडलेली दिसतात. स्लाईड पंख्याखाली हलवून पटकन सुकवा. लिशमन स्टेनच्या (स्लाईड रंगवायच्या द्रावणाच्या) बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका. त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तीच भोकं पुन्हा दिसायला लागतात. न रंगवलेल्या स्लाईडी रात्रभर उघड्या ठेवल्यात तर सकाळी झुरळांनी रक्त चाटून नेलेलं असेल. हसू नका, छोट्या लॅबमध्ये हे होतं.

लिशमन स्टेन आपल्याकडे सगळीकडे वापरतात. विल्यम लिशमन हे ब्रिटिश लष्करातले डॉक्टर. कोलकात्याजवळच्या डमडमला राहून आलेल्या सैनिकाच्या प्लीहेत त्यांना दिसलेला काळा आजाराचा परजीवी आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पद्धत अशी : स्लाईड आडवी ठेवून स्टेनने झाका, २ मिनिटं थांबा. या वेळात रंग चढत नाही, मिथेनॉलमुळे पेशी काचेला पक्क्या होतात. मग दुप्पट बफर पाणी (आम्लता ठरावीक राखणारं), पीएच ६.८, आणि फुंकर घालून मिसळा. वर सोनेरी-हिरवट साय यायला हवी. ७ ते १० मिनिटांनी धुवा, स्टेन ओतून टाकून नव्हे, पाण्याने तरंगवून, नाहीतर रंगाचे कण स्लाईडवरच बसतात. लाल पेशी निळसर दिसत असतील तर पाणी अल्कधर्मी आहे, सगळंच तांबूस आणि केंद्रकं फिकट असतील तर आम्लधर्मी. नळाच्या पाण्याने स्टेन करणाऱ्या लॅबमध्ये हा घोळ रोजचा असतो.

बघताना थेट १०० च्या तेलाच्या लेन्सवर उडी मारू नका. आधी १० ची लेन्स लावून शेपटापर्यंत फिरा. मोठ्या पेशी आणि प्लेटलेटचे पुंजके शेपटाकडे जमतात. तिथे न गेलेला माणूस ब्लास्ट (रक्ताच्या कर्करोगात दिसणारी अपक्व पेशी) चुकवू शकतो. मग जिथे लाल पेशी शेजारी-शेजारी आहेत पण एकमेकींवर चढलेल्या नाहीत, तो भाग शोधा आणि तेल घाला. क्रम कायम ठेवा : लाल, पांढऱ्या, प्लेटलेट. लाल पेशीचा आकार जवळच्या छोट्या लिम्फोसाइटच्या केंद्रकाशी ताडा, साधारण तेवढाच असतो.

डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींचा कुठला प्रकार किती) मोजताना आडवं-उभं नागमोडी जा, म्हणजे कडा आणि मध्य दोन्ही येतात. आणि शंभर पेशींच्या मोजणीवर फार विसंबू नका. शंभरात ५ इओसिनोफिल सापडले, तर खरा आकडा १ पासून १२ पर्यंत कुठेही असू शकतो. कालचे ३ आणि आजचे ६ यावरून पेशंटला ॲलर्जी वाढली म्हणणं धाडसाचं आहे.

केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसल्या तर शंभर पांढऱ्यांमागे किती ते मोजा. साध्या मशीनने त्यांनाही पांढऱ्यांत धरलेलं असतं. काउंट २४,००० आणि अशा पेशी ६० असतील, तर २४,००० गुणिले १०० भागिले १६०, म्हणजे खरा काउंट १५,०००.

पाचवी पायरी : प्लेटलेटचा फोन

सुरुवातीचा फोन आठवतो ना? तो माझ्याच आयुष्यातला आहे. डेंग्यूचा मोसम, टेबलावर दोनशे ट्यूब, मशीनने २२,००० दाखवलं आणि मी सही करून पाठवलं. घरच्यांनी प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी गावभर फोन केले. संध्याकाळी वरिष्ठांनी स्लाईड मागितली. मी बनवलीच नव्हती. बनवली, तर शेपटाकडे द्राक्षांच्या घडासारखे प्लेटलेटचे पुंजके.

काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. पेशंटला काही झालेलं नसतं, हे फक्त ट्यूबमध्ये घडतं आणि वेळ जाईल तसं वाढतं. सकाळी ट्यूब लगेच लावली होती, दुपारची तासभर खिडकीत पडून होती. उपाय साधा : सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या, काउंट लावा, १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. काही जणांच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, म्हणून त्याचीही स्लाईड बघाच.

तेव्हापासून माझा नियम : एक लाखाच्या खालचा कुठलाही नवीन काउंट स्लाईड पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. पुंजके नसलेल्या चांगल्या भागातल्या दहा तेलाच्या फील्डमध्ये प्लेटलेट मोजा, सरासरीला १५,००० ने गुणा. सरासरी ४ म्हणजे साठेक हजार. अंदाजच आहे, पण मशीन बावीस हजार म्हणतंय आणि डोळ्यांना साठ हजार दिसतंय, तर कोणीतरी चुकतंय. खूप बारीक लाल पेशी किंवा त्यांचे तुकडे असतील तर उलटही होतं, मशीन त्यांना प्लेटलेट समजून काउंट वाढवून देतं.

सहावी पायरी : आपल्या भागातलं रक्त ओळखा

पाठ्यपुस्तकात शंभर आजार असतात, तुमच्या टेबलावर रोज येतात पाच-सहा.

सगळ्यांत जास्त लोहाची कमतरता : छोट्या, फिकट, मधे पांढऱ्या थाळीसारख्या पेशी, काही पेन्सिलसारख्या लांब. तिच्याशी गल्लत होते थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष, वाहकातला). दोन कागद शेजारी ठेवा. पहिला : आरबीसी ३.९ दशलक्ष, हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही ६८. दुसरा : आरबीसी ५.९, हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६२. एमसीव्हीला आरबीसीने भागा. पहिल्यात १७ च्या वर, दुसऱ्यात साडेदहा. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं की लोहाकडे झुकायचं. यावर निदान करायचं नसतं, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) करून एचबी-ए२ (त्यातला एक प्रकार) बघा असं सुचवायचं, ते ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर अर्थ निघतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हे जास्त आढळतं, त्यामुळे उल्हासनगरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्याने हा भागाकार डोक्यातच करायला शिकावं. लग्न ठरलेल्या किंवा गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये तर नक्की.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार). राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथे सोल्युबिलिटी टेस्टचं (रक्त द्रावणात घालून गढूळपणा बघायचं) काम वाढलंय. तिची मर्यादा लक्षात ठेवा : गढूळपणा आला म्हणजे एचबी-एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) आहे एवढंच, वाहक आहे की आजारी, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि खूप कमी हिमोग्लोबिनमध्ये ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि वाहकाचा स्मिअर बहुतेक वेळा अगदी साधा दिसतो, त्यामुळे "स्लाईडवर विळे नाहीत" म्हणून कुणाला मोकळं करू नका.

शाकाहारी घरांतल्या पेशंटमध्ये बी-१२ ची कमतरता भरपूर भेटते : मोठ्या अंडाकृती लाल पेशी आणि सहा पाळ्यांचा एखादा न्यूट्रोफिल. लोहही कमी असेल तर एमसीव्ही मधेच कुठेतरी साधारण येतं आणि मशीन गप्प बसतं. आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेलं असतं, तोच एक इशारा.

मलेरियासाठी जाड आणि पातळ दोन्ही फिल्म करा. जाड थेंब एवढाच पसरा की ओला असताना त्याखालून वर्तमानपत्र वाचता येईल. त्याला मिथेनॉल लावायचं नाही, लाल पेशी फुटायलाच हव्यात, म्हणून तिथे लिशमन चालत नाही. गिम्सा किंवा आपल्याकडचा जेएसबी स्टेन वापरा. जाड फिल्मचे शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका.

उरलेलं, थोडक्यात

कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेला नमुना) रोज सकाळी पेशंटच्या आधी. फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणा, हातात हळू फिरवा, मग लावा. लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांचा आलेख) एक बिंदू २ एसडीच्या (सरासरीपासूनच्या प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर सावध व्हा. ३ च्या बाहेर गेला, किंवा सलग दोन एकाच बाजूला २ च्या बाहेर गेले, तर पेशंटचं काम थांबवा. कंट्रोल आत येईपर्यंत तोच पुन्हा-पुन्हा लावत बसणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

सुया पांढऱ्या, सुईने न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात; हातमोजे, ट्यूबिंग लाल पिशवीत; रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात. टोपण पुन्हा सुईवर लावायचं नाही.

ब्लास्टसारखी पेशी दिसली तर रिपोर्टच्या ढिगात ठेवू नका. पॅथॉलॉजिस्टना स्लाईड हातात नेऊन दाखवा. "काहीतरी वेगळं आहे" एवढं म्हटलं तरी चालतं. नाव देणं त्यांचं काम आहे. चूक निघाली तरी कुणी रागवणार नाही, आणि रागावलं तरी पुढच्या वेळी पुन्हा दाखवा.

एक वही ठेवा. रोज एक स्लाईड, मशीनचा कागद बघण्याआधी वाचायची : हिमोग्लोबिन साधारण किती असेल, पांढऱ्या किती हजार, प्लेटलेट किती, ते आधी लिहायचं आणि मग कागद उघडायचा. पहिल्या महिन्यात वही लाल शाईने भरते. चांगल्या स्लाईडी नाव पुसून, निदान आणि तारीख लिहून डब्यात जपा. तेल लावून तशीच ठेवलेली स्लाईड वर्षभरात चिकट धुळीची वडी होते, म्हणून आधी टिश्यूने तेल टिपून घ्या. तेलाची लेन्सही लेन्स पेपरनेच पुसायची, ॲप्रनच्या टोकाने नाही. सकाळच्या शिफ्टचा माणूस त्याच लेन्समधून पहिला मलेरिया शोधणार असतो.